अवटू हॉर्मोने व सॅलॅमँडरचे रूपांतरण

सॅलॅमँडर व न्यूट हे शेपटी असलेले उभयचर प्राणी आहेत. त्यांच्या डिंभाचे (अंड्यातून बाहेर पडून स्वतंत्रपणे जगणाऱ्या पण प्रौढाहून वेगळ्या दिसणाऱ्या पूर्वावस्थेचे) जलचर रूप टाकून भूचर प्रौढात जे परिवर्तन होते त्यास रूपांतरण म्हणतात. हे परिवर्तन अवटू ग्रंथीच्या (मानेत श्वासनालापाशी असणाऱ्या ग्रंथीच्या) हॉर्मोनांमुळे (सरळ रक्तात मिसळणाऱ्या उत्तेजक स्रावांमुळे) घडून येते. ही गोष्ट आज पाठ्यपुस्तकात एका वाक्यात सांगितली जात असली, तरी ती निश्चित होण्यास सुमारे अर्धे शतक लागले; आणि हॉर्मोन हे कार्य नेमके कसे करते हे समजण्यास आणखी तितकाच काळ जावा लागला. या दुसऱ्या टप्प्यातील एक प्रमुख संशोधक मुंबईत जन्मलेले व मुंबई विद्यापीठाचे पदवीधर होते.

सॅलॅमँडरच्या डिंभाला डोक्याच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे बाह्य क्लोम (कल्ले) असतात. शेपटीच्या वरखाली पातळ त्वचेचा पर असतो, डोळ्यांना पापण्या नसतात आणि त्वचा पाण्यात राहण्यास योग्य अशी पातळ असते. रूपांतरणाच्या काळात क्लोम आखडून नाहीसे होतात, क्लोमछिद्रे बुजतात, शेपटीचा पर झडतो, पापण्या येतात, त्वचा जाड होऊन कात टाकू लागते आणि जीभ व तिच्या बुडाचा सांगाडा जमिनीवरील भक्ष्य पकडण्याजोगा होतो. बेडकाच्या भैकेरात (शेपटी असलेल्या डिंभात) होणाऱ्या बदलांच्या मानाने हे बदल सौम्य वाटतात. भैकेराला पाय नव्याने फुटतात, त्याची सबंध शेपटी विरघळते व वनस्पती खाणारे लांबलचक आतडे आखूड होते. सॅलॅमँडरचे पाय मात्र डिंभावस्थेतच आलेले असतात, त्यांना अवटू हॉर्मोनाची वाट पाहावी लागत नाही आणि त्याची शेपटी जन्मभर टिकते. या फरकामुळेच या विषयातील पुष्कळसे प्रयोग भैकेरांवर झाले. तथापि विषयातील सर्वांत अवघड प्रश्न सॅलॅमँडरने उपस्थित केला.

महाराष्ट्रात सॅलॅमँडर आढळत नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याच्या शहादे–म्हसावद परिसरापासून (नंदुरबार जिल्हा) थेट कोकणापर्यंत पावसाळी डबक्यांत दिसणारे डिंभ हे बेडकांचे व भेकांचे भैकेर होत. भारतात न्यूट आढळतो तो पूर्व हिमालयात. दार्जिलिंग व सिक्कीम भागातील न्यूट पूर्वी टायलोटोट्रायटन व्हेरुकोसस या जातीत मोडत असे. २०१५ मध्ये टायलोटोट्रायटन हिमालयानस ही वेगळी जाती वर्णिली गेली. त्यालाही डिंभावस्था व रूपांतरण आहे.

पॅरिसमधील ॲक्झोलॉटल : मेक्सिकोतील झोचिमिल्को सरोवरात राहणारा ॲक्झोलॉटल (अँबिस्टोमा मेक्सिकॅनम) हा प्राणी क्लोमांसह जन्मभर पाण्यात राहतो आणि त्याच स्थितीत अंडी घालतो. अलेक्झांडर फोन हंबोल्ट यांनी अमेरिकेतून आणलेले नमुने जॉर्ज क्यूव्ह्ये यांनी तपासले, तेव्हा हा एखाद्या अज्ञात सॅलॅमँडरचा डिंभ असावा, अशी शंका त्यांना आली. पण ज्याला पिले होतात त्याला डिंभ कसे म्हणावे, ही अडचण होती. १८६४ मध्ये मेक्सिकोहून ३४ जिवंत ॲक्झोलॉटल पॅरिसला आले. त्यांतील सहा (पाच नर व एक मादी) ओग्यूस्त द्यूमेरील यांना मिळाले. १८६५ च्या आरंभी मादीने अंडी घातली. त्यांतून निघालेली पिले वर्ष संपण्यापूर्वी आईबापांएवढी मोठी झाली आणि त्यांतील काहींचे क्लोम व शेपटीचे पर पाहता पाहता नाहीसे होऊन अंगावर पिवळे ठिपके आले. अमेरिकेत परिचित असलेल्या अँबिस्टोमा वंशातील भूचर सॅलॅमँडरांसारखे ते दिसू लागले. त्यांचे आईबाप मात्र त्याच पात्रात पूर्वीसारखेच राहिले. क्यूव्ह्ये यांची शंका खरी ठरली. जगातील प्रयोगशाळांमध्ये आज पाळले जाणारे बहुसंख्य ॲक्झोलॉटल या पॅरिसच्या प्राण्यांचे वंशज आहेत.

एकाच पात्रातील काही पिले बदलतात व काही बदलत नाहीत याचे कारण त्या काळी परिस्थितीत शोधले गेले. फ्रायबुर्क येथील आउगुस्ट वाइसमान यांच्या सूचनेवरून मारी फोन शोव्हँ या बाईंनी पात्रातील पाणी हळूहळू कमी करून ॲक्झोलॉटलांना हवेत श्वास घेण्यास भाग पाडले आणि त्यांपैकी काहींचे रूपांतरण घडवून आणले. अतिशय चिकाटीने केलेले हे प्रयोग १८७०–८० च्या दशकांत गाजले. पुढे इतरांना हा परिणाम खात्रीने मिळाला नाही आणि पाणी कमी करणे हे काही मूळ कारण नव्हे, असे मत रूढ झाले. १८८५ मध्ये यूलिउस कोलमान यांनी डिंभरूप टिकवून धरण्याच्या या वृत्तीस ‘निओटेनी’ हे नाव दिले. मराठीत तिला चिरडिंभता म्हणतात. नाव मिळाले, पण कारण मिळाले नाही.

अवटू ग्रंथीचा संबंध : कारण सापडले ते अगदी वेगळ्या दिशेने, मानवी वैद्यकातून. अवटू ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णास मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क दिल्यास तो सुधारतो, हे इंग्लंडमध्ये जॉर्ज मरी यांनी १८९१ मध्ये दाखविले. १८९५ मध्ये ऑयगेन बाउमान यांना या ग्रंथीत आयोडीन सापडले. बाउमान हेही फ्रायबुर्कचेच. ज्या गावात ॲक्झोलॉटलच्या रूपांतरणाचे कोडे सोडविण्याचा प्रयत्न चालू होता त्याच गावात त्या कोड्याचे उत्तर दुसऱ्या एका प्रयोगशाळेत पडून होते. पण दोहोंची गाठ घालून देण्यास आणखी सतरा वर्षे लागली.

ती गाठ फ्रेडरिक गूडरनाच यांनी १९१२ मध्ये घालून दिली. निरनिराळ्या ग्रंथींचा वाढीवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांनी बेडकाच्या भैकेरांना घोडा व इतर सस्तन प्राण्यांच्या अवटू, यौवनलोपी (थायमस), अधिवृक्क इ. ग्रंथींचे तुकडे अन्न म्हणून दिले. यौवनलोपी ग्रंथी खाणारे भैकेर मोठे होत गेले, पण त्यांचे रूपांतरण लांबले. अवटू ग्रंथी खाणाऱ्यांची वाढ एकदम थांबली, काही दिवसांतच त्यांना पाय फुटले, शेपट्या आक्रसल्या आणि वाढ पुरी होण्याआधीच त्यांचे खुजे बेडूक झाले. वाढ आणि रूपांतरण या एकाच प्रक्रियेच्या दोन बाजू नसून त्या एकमेकींपासून वेगळ्या करता येतात, हा या प्रयोगाचा खरा अर्थ होता. पाळीव जनावराच्या ग्रंथीचा एक तुकडा बेडकाच्या शरीरातील घड्याळ पुढे सरकवू शकतो, म्हणजे हे द्रव्य सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत (पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत) एकच असले पाहिजे, हेही त्यातून सूचित झाले.

पुढल्याच वर्षी चेक शरीरक्रियावैज्ञानिक व्हिलेम लाउफबर्गर यांनी ॲक्झोलॉटलला अवटू ग्रंथी खाऊ घालून त्याचे रूपांतरण घडविले. त्यांचा निबंध चेक भाषेत प्रसिद्ध झाल्याने पश्चिम यूरोपात फारसा कोणी वाचला नाही. १९२० मध्ये ज्यूल्यन हक्स्ली यांनी बैलाची अवटू ग्रंथी वापरून हाच प्रयोग केला आणि त्याचा वृत्तपत्रांत मोठा गाजावाजा झाला. चिरतारुण्याचे रहस्य हाती आल्याच्या वावड्याही उठल्या. अनेक इंग्रजी ग्रंथांत या शोधाचे श्रेय हक्स्लींकडे जाते. ते लाउफबर्गर यांना देणे न्याय्य होय. लहान भाषेत लिहिलेले शास्त्र दुर्लक्षित राहते याचे हे एक बोलके उदाहरण आहे.

ग्रंथी दिल्याने रूपांतरण होते एवढ्यावरून ती आवश्यक आहे असे सिद्ध होत नाही. ही उणीव अमेरिकेत बेनेट ॲलन यांनी भरून काढली. १९१६ च्या सुमारास त्यांनी अगदी लहान भैकेरांच्या शरीरातून अवटू ग्रंथीचा अंकुर शस्त्रक्रियेने काढून टाकला. हे भैकेर वाढतच गेले व नेहमीपेक्षा मोठे झाले, पण बेडूक झाले नाहीत. त्यांना अवटू ग्रंथी खाऊ घालताच ते बदलले. त्याच सुमारास ॲलन व फिलिप स्मिथ यांनी स्वतंत्रपणे मेंदूखालची पोष ग्रंथी काढली. तेव्हाही रूपांतरण थांबले आणि अवटू ग्रंथी खुजी राहिली. यावरून पोष ग्रंथी अवटू ग्रंथीला चालना देते, ही साखळी उघड झाली.

मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल यांनी डिसेंबर १९१४ मध्ये या ग्रंथीतील क्रियाशील द्रव्य स्फटिकरूपात मिळविले व पुढे त्याला थायरॉक्सिन असे नाव दिले. त्यासाठी डुकरांच्या सुमारे तीन टन ग्रंथी खर्ची पडल्या आणि हाती आले ते सुमारे ३३ ग्रॅम. त्याची रेणवीय संरचना चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये निश्चित केली. टायरोसीन या ॲमिनो अम्लापासून बनलेल्या या रेणूत आयोडिनाचे चार अणू असतात. १९५२ मध्ये जॅक ग्रॉस व रोझालिंड पिट-रिव्हर्स यांना लंडनमध्ये तीनच आयोडीन अणू असलेले ट्रायआयोडोथायरोनीन सापडले. पॅरिसमध्ये झां रॉश व त्यांचे सहकारी त्याच सुमारास तेथवर पोहोचले होते. हे द्रव्य थायरॉक्सिनाच्या कित्येक पट प्रभावी आहे. थायरॉक्सिन हे बहुतांशी साठ्याचे व वाहतुकीचे रूप असून ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) त्याचा एक आयोडीन अणू काढला गेला म्हणजे खरे क्रियाशील हॉर्मोन तयार होते, असे आज मानतात.

आयोडिनाच्या या अपरिहार्यतेची दुसरी बाजू भारताला चांगलीच परिचित आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात जमिनीतील व पाण्यातील आयोडिनाच्या अभावाने गलगंड व जन्मजात मतिमंदत्व हे विकार पिढ्यान् पिढ्या होत आले. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. भैकेराचे बेडकात रूपांतर न होणे आणि आयोडिनाअभावी मुलाच्या मेंदूचा विकास खुंटणे या दोहोंच्या मुळाशी एकाच रेणूची उणीव असते.

ॲक्झोलॉटलमध्ये उणीव कशाची? : सरोवराच्या पाण्यात आयोडीन नसावे, हा सहज सुचणारा तर्क टिकला नाही. डब्ल्यू. डब्ल्यू. स्विंगल यांनी १९२२ मध्ये चिरडिंभ सॅलॅमँडरची अवटू ग्रंथी काढून ती बेडकाच्या भैकेरात बसविली, तेव्हा भैकेराचे झपाट्याने रूपांतरण झाले. म्हणजे ज्या प्राण्याचे स्वतःचे रूपांतरण होत नाही त्याच्या ग्रंथीत हॉर्मोन साठलेले असते! ऊतकेही हॉर्मोनाला प्रतिसाद देतात हे लाउफबर्गर यांनी आधीच दाखविले होते. ग्रंथी ठीक, ऊतके ठीक. मग दोष वरच्या पायरीवर असला पाहिजे. रूपांतरण होणाऱ्या व्याघ्र सॅलॅमँडरची पोष ग्रंथी ॲक्झोलॉटलच्या भ्रूणात रोपली असता तो बदलतो, हे रेमंड ब्लाउंट यांनी १९५० मध्ये नोंदविले. अवटू ग्रंथीला उत्तेजित करणारे पोष ग्रंथीचे हॉर्मोन टोचल्यानेही तोच परिणाम होतो. ग्रंथीचे कोठार भरलेले आहे, पण ते उघडण्याचा हुकूम पुरेशा जोराने सुटत नाही, असा याचा अर्थ.

हा फरक आनुवंशिक आहे. रूफस हम्फ्री यांनी ॲक्झोलॉटल व व्याघ्र सॅलॅमँडर यांचा संकर केला, तेव्हा संकरज संततीचे रूपांतरण झाले. या संततीचा पुन्हा ॲक्झोलॉटलशी संकर केल्यावर जवळजवळ निम्मी पिले बदलली व निम्मी तशीच राहिली. एका प्रमुख जीनाचा (आनुवंशिक घटकाचा) हा प्रभाव असावा, असे त्यावरून दिसले आणि १९९७ मध्ये रँडल व्हॉस व ब्रॅडली शॅफर यांनी त्या जीनाचा गुणसूत्रीय प्रदेश निश्चित केला. रानातून पकडलेल्या ॲक्झोलॉटलांच्या संकरांत मात्र हे प्रमाण इतके साधे राहिले नाही. प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढविलेल्या प्राण्यांवरून मूळ जातीविषयी निष्कर्ष काढताना सावधगिरी बाळगणे इष्ट आहे.

हॉर्मोनाचे कार्य : एकच द्रव्य रक्तातून सर्व शरीरभर फिरते, त्याच्या प्रभावाने भैकेराची शेपटी मरते, पाय वाढतात, यकृतात नवी एंझाइमे निर्माण होतात व सॅलॅमँडरचे क्लोम विरघळतात. परस्परविरोधी कामे करण्याची ही आज्ञा कोठे लिहिलेली असते? जोसेफ श्विंड यांनी १९३३ मध्ये भैकेराचा डोळा काढून त्याच्या शेपटीवर बसविला. रूपांतरणात शेपटी आक्रसत गेली, पण डोळा शाबूत राहिला व आक्रसणाऱ्या शेपटीबरोबर धडाकडे सरकला. १९५३ मध्ये जेन काल्टनबाख यांनी थायरॉक्सिनाच्या बारीक गोळ्या त्वचेखाली ठेवून त्या जागेपुरतेच रूपांतरण घडविले. हॉर्मोन प्रत्येक ऊतकावर प्रत्यक्ष कार्य करते, पण उत्तर काय द्यावयाचे हे ऊतक ठरविते, हे या दोन प्रयोगांनी पटले.

ऊतकाच्या आत काय घडते याचा शोध घेणाऱ्यांत जमशेद रुस्तम टाटा यांचे स्थान महत्त्वाचे आहे. त्यांचा जन्म मुंबईत १९३० मध्ये झाला. मुंबई विद्यापीठाच्या पदवीनंतर त्यांनी पॅरिस येथे डॉक्टरेट मिळविली व पुढे लंडनजवळील मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत प्रदीर्घ काळ काम केले. १९७३ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पिट-रिव्हर्स यांच्यासमवेत त्यांनी १९५९ मध्ये अवटू हॉर्मोनांवर एक ग्रंथ लिहिला. त्या काळी हे हॉर्मोन कोशिकेतील (पेशीतील) ऊर्जा-यंत्रणेवर सरळ परिणाम करते, असे बहुतेकांचे मत होते. परंतु हॉर्मोन दिल्यापासून परिणाम दिसेपर्यंत तास, कधी दिवस जातात, याकडे टाटा यांनी लक्ष वेधले. या मधल्या काळात कोशिका काहीतरी तयार करीत असली पाहिजे.

१९६६ मध्ये त्यांनी भैकेरांच्या शेपट्यांचे तुकडे शरीराबाहेर काचपात्रात जिवंत ठेवले. हॉर्मोन घातल्यावर तुकडे आक्रसले. नंतर हॉर्मोनाबरोबर ॲक्टिनोमायसीन डी हे रिबोन्यूक्लिइक अम्लाचे संश्लेषण (निर्मिती) बंद पाडणारे द्रव्य घातले, तर शेपटी आक्रसलीच नाही. प्रथिनांचे संश्लेषण थांबविणाऱ्या द्रव्यांनीही तेच झाले. हा निष्कर्ष प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. संश्लेषण थांबविले की ऊतक मरावे, अशी सामान्य अपेक्षा. येथे संश्लेषण थांबविल्याने ते मरणापासून वाचले. शेपटीचे मरण म्हणजे झीज किंवा उपासमार नव्हे. नवी प्रथिने बनवून कोशिकांनी स्वतःच सिद्ध केलेली ती एक क्रिया आहे. कोशिकांच्या नियोजित मृत्यूची कल्पना नुकतीच पुढे येत होती. तिला भक्कम आधार देणाऱ्या आरंभीच्या प्रयोगांत याची गणना होते.

जीनांपर्यंत हा संदेश पोहोचविणारा ग्राही (हॉर्मोनाला बांधून घेणारे प्रथिन) डिसेंबर १९८६ मध्ये ब्यॉर्न व्हेनस्ट्रॉम व रॉनल्ड एव्हान्स यांच्या गटांनी एकाच वेळी ओळखला. हा ग्राही कोशिकेच्या केंद्रकात डीएनएवर बसलेला असतो. हॉर्मोन नसताना तो जीन दाबून ठेवतो व हॉर्मोन चिकटताच तेच जीन जागे करतो. म्हणजे डिंभावस्था टिकविण्याचे व मोडण्याचे काम एकच प्रथिन करते. जागृत होणाऱ्या जीनांत ग्राहीचा स्वतःचा जीनही असतो, असे टाटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि डॉनल्ड ब्राउन यांच्या गटाने १९९० नंतर आफ्रिकी झेनोपस बेडकात दाखविले. हॉर्मोनाचे पहिले थेंब ऊतकाला पुढच्या थेंबांसाठी अधिक संवेदनशील करतात. रूपांतरण संथपणे सुरू होऊन अखेरीस एकदम वेग घेते त्याचे हे एक कारण होय.

या साखळीच्या वरच्या टोकाला मेंदू आहे. सस्तन प्राण्यांत ताणाच्या प्रसंगी स्रवणारे मेंदूतील एक मोचक हॉर्मोन उभयचरांच्या डिंभात अवटू ग्रंथीकडे जाणारा संदेशही सोडते, असे रॉबर्ट डेन्व्हर यांच्या संशोधनावरून दिसते. उत्तर अमेरिकेतील वाळवंटी भेकांचे डबके आटू लागले म्हणजे भैकेरांत हे हॉर्मोन वाढते व ते घाईने रूपांतरित होतात. फोन शोव्हँ यांनी पाणी कमी करण्यात पाहिलेला कार्यकारणभाव ॲक्झोलॉटलपुरता ठाम ठरला नाही, पण निराधारही नव्हता. प्रोलॅक्टिन हे पोष ग्रंथीचे हॉर्मोन डिंभावस्था टिकवून धरते, हा १९६०–७० च्या दशकांतील लोकप्रिय सिद्धांत मात्र पुढे ढासळला. प्रोलॅक्टिन जास्त प्रमाणात बनवणारे झेनोपस भैकेर तयार केले असता त्यांचेही बहुतांशी रूपांतरण झाले (२०००).

अमेरिकेतील नेक्ट्युरस व यूरोपातील गुहांत राहणारा प्रोटियस हे सॅलॅमँडर हॉर्मोन देऊनही बदलत नाहीत. नेक्ट्युरसमध्ये ग्राही काम करण्याजोगे असतात, असे २००६ मध्ये आढळले. तेव्हा त्याच्या ऊतकांतील काही जीनांनीच ग्राहीचे ऐकणे सोडले असावे. याच्या उलट टोकाला सह्याद्रीतील राओर्केस्टेस वंशाचे झुडूपबेडूक आहेत. त्यांचा भैकेर पाण्यात कधी येतच नाही. ओलसर पानांत घातलेल्या अंड्यातून सरळ चिमुकला बेडूक बाहेर पडतो. अशाच प्रकारे वाढणाऱ्या पोर्तो रीकोतील कोकी बेडकाच्या अंड्यात अवटू हॉर्मोनाचे संश्लेषण रोखले असता पिलाचा विकास अर्ध्यावर थांबतो आणि हॉर्मोन दिल्यास तो पुन्हा सुरू होतो.